रुग्णवाहिकेची दुसरी बॅटरी

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो. फवारणी करताना कीटकनाशकाची विषबाधा झालेला एक तरुण शेतकरी संध्याकाळी आमच्याकडे आला. तोंडाला फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अॅट्रोपिन सुरू केले, श्वासनलिकेत नळी घातली आणि त्याला मोठ्या रुग्णालयात हलवायचे ठरले. रुग्णवाहिकेत छोटा व्हेंटिलेटर होता, सक्शन मशीन होते, मॉनिटर होता. मी स्वतः सोबत निघालो.

घाटात एक कंटेनर आडवा झाला होता. पुढे-मागे गाड्यांची रांग, वर पाऊस. अर्ध्या तासाने इंजिन तापू लागले आणि धूर आत येऊ लागला, म्हणून चालकाने गाडी बंद केली. त्यानंतर पाऊण तासही झाला नसेल, आतले दिवे पिवळे पडले. सक्शन मशीनचा आवाज खोल गेला आणि थांबला. इन्व्हर्टरने एकदा शिट्टी दिली आणि तोही बंद. व्हेंटिलेटर त्याच्या पोटातल्या छोट्या बॅटरीवर गेला. ती बॅटरी यंत्राच्याच वयाची होती, वीस मिनिटांत तिनेही मान टाकली. पुढचे दोन तास मी आणि रुग्णाचा चुलतभाऊ आळीपाळीने अँबू बॅग दाबत होतो. अशा विषबाधेत फुप्फुसांत स्राव भरत राहतो, तो सतत खेचून काढावा लागतो. पायाने चालवायचा सक्शन पंप गाडीत नव्हता. पन्नास मिलिलिटरची सिरिंज कॅथेटरला जोडून मोबाइलच्या उजेडात ते काम केले.

रुग्ण वाचला. अठरा दिवसांनी चालत घरी गेला. आणि तो वाचला म्हणूनच त्या रात्रीची नोंद कुठेही झाली नाही. कुणी दगावले असते तर चौकशी झाली असती, अहवाल झाला असता. थोडक्यात टळलेल्या संकटाला आपल्याकडे रजिस्टर नसते.

दुसऱ्या दिवशी मी गाडी कार्यशाळेत पाठवली. संध्याकाळी परत आली, सोबत शेरा: बॅटरी १२.६ व्होल्ट, ठीक आहे.

टाकी आणि गाळ

त्या दिवाळीत माझा मावसभाऊ जर्मनीहून आला होता. त्याच्याकडे वीस वर्षांहून जुनी कॅम्पर व्हॅन आहे: आत झोपायला फळी, छोटी शेगडी, छोटा फ्रिज. सुटीत बायको-मुलांना घेऊन तो तिच्यातच राहतो. तो इंजिनीअर नाही, बँकेत हिशेब तपासतो. मी घाटातली हकिकत सांगितल्यावर त्याने मोबाइलवर एका वहीचे फोटो दाखवले. गाडीतली दुसरी बॅटरी कोणत्या तारखेला बसवली, दर उन्हाळ्याआधी तिची चाचणी घेतली तेव्हा ती किती तास चालली, पाणी कधी घातले, सगळे ओळीने लिहिलेले.

“दादा, १२.६ म्हणजे टाकीतल्या पाण्याची फक्त पातळी,” तो म्हणाला. “तळाशी गाळ साचून टाकी अर्धी झाली असली, तरी वरून पाहिलं तर ती काठोकाठच दिसते. माझ्या फ्रिजमधलं दूध एकदा मध्यरात्री नासलं, तेव्हा मला हे कळलं.”

धरणातल्या गाळाची सवय असलेल्या आपल्याला हे समजायला अवघड नाही. माझ्या मनाला मात्र दुसरीच गोष्ट लागली. मुलांच्या दुधासाठी हा माणूस जी वही ठेवतो, ती आम्ही श्वासासाठी ठेवत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या गाडीवर त्याची चाचणी करून दाखवली. बॅटरी रात्रभर पूर्ण चार्ज केली, काही तास तशीच ठेवली. मग तिला मोटारीच्या हेडलाइटचा ६० वॅटचा एक बल्ब जोडला. १२ व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर. बॅटरीवर १०० अँपिअर-अवर असे छापलेले असते, त्याचा सर्वसाधारण अर्थ हाच, की नवी असताना तिने ५ अँपिअरचा प्रवाह २० तास द्यावा आणि तोवर व्होल्टेज १०.५ च्या खाली जाऊ नये. आमची बॅटरी सहा तासांत १०.५ वर आली. म्हणजे शंभरातले तीसच शिल्लक होते. सकाळी मीटर लावला तेव्हा ती १२.६ दाखवत होती, अगदी कार्यशाळेच्या शेऱ्याप्रमाणे.

डॉक्टरांना हे नवे वाटायला नको. स्वस्थ पडलेल्या माणसाचा ईसीजी बऱ्याचदा अगदी व्यवस्थित येतो आणि त्याच माणसाला जिन्याचे दोन मजले चढताना छातीत कळ येते. म्हणून आपण ट्रेडमिलवर चालवून तपासतो. बॅटरीचे व्होल्टेज हा पडून काढलेला ईसीजी आहे. तिच्यावर भार टाकल्याशिवाय तिचे खरे वय कळत नाही.

एका गाडीत दोन बॅटऱ्या कशाला?

कॅम्पर व्हॅन काय किंवा रुग्णवाहिका काय, दोन्हींत मूळची गाडी एक आणि तिच्या पाठीवर बसवलेला संसार दुसरा. गाडीला इंजिन सुरू करायला बॅटरी लागते. सेल्फ मारताना ती दोन-तीनशे अँपिअरचा झटका देते, पण तो जेमतेम दोन-तीन सेकंदांचा. हिशेब केला तर त्यात पाव अँपिअर-अवरही खर्च होत नाही आणि इंजिन चालू झाले की अल्टरनेटर तो लगेच भरून काढतो. पाठीवरच्या संसाराची गरज उलटी असते. प्रवाह थोडा, पण तासन्‌तास. म्हणून दुसरी बॅटरी वेगळी ठेवतात. रात्रभर आतले दिवे आणि यंत्रे चालली, तरी सकाळी गाडी सुरू झालीच पाहिजे, हा त्यामागचा साधा विचार.

शिसे आणि गंधकाम्लाची ही बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लान्टे यांनी १८५९ मध्ये तयार केली. मूळ रसायन आजही तेच आहे, घडण मात्र कामाप्रमाणे बदलते. सेल्फसाठीच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात, म्हणजे मोठा झटका एकदम देता येतो. दीर्घकाळ पुरवायच्या बॅटरीत प्लेटा जाड असतात. पातळ प्लेटांची बॅटरी पुन्हा पुन्हा तळापर्यंत रिकामी केली, तर काही डझन वेळांतच ती खिळखिळी होते. आणि इथेच पहिली चूक होते. दुसरी बॅटरी गेली की दुकानात त्या मापाची जी मिळेल ती बसवली जाते. ती दिसायला तशीच, आकडाही तोच. धावण्याच्या शर्यतीतला माणूस ओझी वाहायला लावल्यासारखे ते होते.

जुन्या गाड्यांत या दोन बॅटऱ्यांच्या मध्ये एक रिले असतो. इंजिन चालू असताना तो दोघींना जोडतो, म्हणजे अल्टरनेटर दोन्ही भरतो. इंजिन बंद झाले की वेगळे करतो. कल्पना सोपी आणि चांगली आहे. पण वर्षे जातात तशी रिलेची टोके जळतात, चॅसिसला जोडलेल्या अर्थच्या पट्टीवर गंज चढतो आणि पुढून मागे नेलेली वायर आधीच बारीक असते. वाटेत अर्धा-पाऊण व्होल्ट हरवतो. अल्टरनेटरपाशी १४.३ असेल तर मागच्या बॅटरीपर्यंत १३.६ पोहोचते. तेवढ्यावर ती चार्ज होते, पण पूर्ण कधीच होत नाही.

त्यात रुग्णवाहिकेच्या फेऱ्या छोट्या. शिशाच्या बॅटरीचा पहिला मोठा हिस्सा लवकर भरतो, शेवटच्या वीस टक्क्यांना मात्र कित्येक तास लागतात. अर्ध्या तासाच्या फेरीत ते शक्यच नाही. मग गाडी पोर्चमध्ये उभी राहते आणि आत इन्व्हर्टर चालूच असतो. काहीही जोडलेले नसताना तो स्वतःसाठी १५ वॅट घेत असेल, तर बारा तासांत १८० वॅट-अवर गेले. शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीत एकूण १२०० असतात. म्हणजे नुसते उभे राहण्यात सातवा हिस्सा संपला.

अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीत प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात. सुरुवातीला ते चार्जिंगने विरघळतात, नंतर विरघळत नाहीत. आपण ज्याला गाळ म्हटले, त्याचा मोठा भाग हाच. वर उष्णतेची भर. तापमान दर १० अंशांनी वाढले, की अशा बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. चंद्रपूर-नागपूरकडच्या उन्हात पत्र्याच्या गाडीत बाकाखाली ठेवलेल्या बॅटरीचे काय होत असेल, याचा अंदाज आपणच करावा.

हिशेब एका फेरीचा

व्हेंटिलेटर, मॉनिटर, दिवे, पंखा आणि मधून मधून चालणारे सक्शन मिळून सरासरी १५० वॅट धरू. इन्व्हर्टरमध्ये काही वाया जाते, म्हणून बॅटरीतून १७५ वॅट, म्हणजे जवळजवळ १५ अँपिअर. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्म्याहून जास्त रिकामी करू नये. नव्या शंभरातले पन्नास वापरले तर सव्वातीन तास मिळतात. घाटातल्या कोंडीत तेवढे पुरले असते.

आमच्याकडे तीस उरले होते. ती बॅटरी पूर्ण भरलेली असती आणि अगदी तळापर्यंत वापरली असती, तरी कागदावर दोन तास. पण प्रवाह जितका जास्त ओढावा, तितकी बॅटरी प्रमाणापेक्षा कमी देते. व्होल्टेज पडले की इन्व्हर्टर आधीच बंद होतो. आणि ती पूर्ण भरलेली तर नव्हतीच. पाऊण तासाचे गणित जुळते. त्यात अपघात काही नव्हता. ते महिनोन्‌महिने ठरत आले होते, फक्त कुणी वाचले नव्हते.

हे वाचायला खर्चिक उपकरण लागत नाही. साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर मोजावे. पुढची १४ च्या वर आणि मागची १३.५ च्याही खाली असेल, तर दोष मधल्या वायरीत, अर्थमध्ये किंवा रिलेत आहे. नवी बॅटरी बसवून उपयोग नाही, तीही तशीच मरेल. इंजिन बंद केल्यावर मागचे दिवे लावले आणि पुढच्या बॅटरीचे व्होल्टेजही सोबत उतरू लागले, तर रिले चिकटला आहे. ती गाडी एके दिवशी रुग्णाला घेऊन उभी राहील आणि सेल्फ घेणार नाही. नव्या पिढीच्या काही गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करतो; त्यांत साधा रिले पुरत नाही, दुसऱ्या बॅटरीसाठी वेगळा चार्जर लागतो.

“मग लिथियम बसवू” हे उत्तर आता सगळीकडे ऐकू येते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी असते, खोलवर वापरली तरी टिकते, हे खरे. पण जुन्या गाडीत जुन्याच वायरी आणि जुन्याच चार्जरवर ती नुसती अदलाबदल करून बसवायची नसते. शिवाय तिचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहते, म्हणजे नुसत्या मीटरवरून तिचे पोट ओळखणे आणखी कठीण. रसायन बदलले तरी चाचणी सुटत नाही.

वास, ठिणगी आणि आम्ल

बॅटरी हे शेवटी रसायनांचे भांडे आहे आणि रुग्णवाहिकेत ते रुग्णाच्या बाकाखाली असते. घरात ते इन्व्हर्टरच्या रूपाने जिन्याखाली असते. त्यामुळे पुढच्या चार गोष्टी सगळ्यांसाठीच.

चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. बॅटरीच्या कप्प्याला बाहेरची हवा हवीच. वायर काढताना आधी निगेटिव्ह काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी.

बॅटरीपाशी कुजलेल्या अंड्यासारखा वास आला, तर ती जास्त चार्ज होऊन बिघडली आहे आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सोडते आहे. बाहेर पडावे, दारे उघडावीत. आत शिरून चार्जरशी झटापट करू नये. बाहेरून वीज तोडता आली तर तोडावी. थोड्या वेळाने वास येईनासा झाला म्हणून निर्धास्त होऊ नये. हा वायू नाकाची संवेदनाच मारतो.

आम्ल डोळ्यात उडाले तर स्वच्छ पाण्याने किमान वीस मिनिटे धुवावे आणि मग रुग्णालय गाठावे. आधी डॉक्टर शोधत हिंडू नये, पहिला उपचार नळाखालीच आहे. हळद, टूथपेस्ट, चुना यांतले काहीही त्वचेवरही नको, डोळ्यात तर नकोच. बॅटरीत पाणी घालताना चष्मा लावावा. पाणी डिस्टिल्डच हवे, आणि नेहमीची पातळी सांभाळताना त्यात आम्ल ओतू नये.

जुनी बॅटरी अडगळीत टाकू नये, फोडून शिसे काढणाऱ्याला तर देऊच नये. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला इजा करते आणि ती इजा भरून येत नाही. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. विक्रेत्याला ती परत द्यावी.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. पाच लिटरचे यंत्र ३०० ते ३५० वॅट घेते. १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी ते दोन-अडीच तास चालवील. बॅटरी चार वर्षांची असेल तर किती चालेल, हे एखाद्या दुपारी तेवढ्याच वॅटचा दुसरा भार लावून घड्याळ पाहून ठरवा. पर्यायी सिलिंडर भरलेला ठेवा. वीज गेल्यावर रात्री दोन वाजता हे शोधायची वेळ येऊ नये.

काय मागायचे?

आम्ही रुग्णवाहिकेतल्या औषधांच्या मुदतीची तारीख तपासतो. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा पाहतो. डिझेल पाहतो. बॅटरीची तारीख विचारली, तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही, कारण ती कुठे लिहिलेलीच नसते. ती बॅटरी गाडीच्या खात्यात धरायची की उपकरणांच्या, हाच प्रश्न सुटलेला नसतो. गाडी दुरुस्त करणाऱ्याला वाटते की ती डॉक्टरांची. डॉक्टरांना वाटते की ती गाडीची.

माझी मागणी चार ओळींची आहे. प्रत्येक रुग्णवाहिकेच्या दुसऱ्या बॅटरीवर बसवल्याची तारीख ठळक रंगाने लिहावी. गाडी उभी राहते तिथे विजेचा एक प्लग द्यावा आणि बॅटरी पूर्ण भरल्यावर स्वतः थांबणारा चार्जर बसवून गाडी परतताच ती त्याला जोडावी. दर तीन महिन्यांनी भार टाकून बॅटरी किती तास चालते ते पाहावे, रजिस्टरमध्ये लिहावे आणि ती छापील आकड्याच्या ७० टक्क्यांच्या खाली आली की बदलावी. आणि विजेशिवाय चालणारी दोन साधने, अँबू बॅग आणि पायाचा सक्शन पंप, प्रत्येक गाडीत असावीत. यांत नवी योजना काही नाही. बॅटरी काही हजारांची, पंप त्याहून स्वस्त, आणि अशा छोट्या खर्चासाठी रुग्णकल्याण समितीचा निधी असतो.

त्या दिवाळीनंतर आम्ही आमच्या गाडीपुरते हे सुरू केले. पहिल्या पानावर चालकानेच रेघा मारून रकाने पाडले. नंतर एका पावसाळ्यात त्याच घाटात, तसाच रस्ता अडला. गाडी अडीच तास उभी होती. रुग्ण पोहोचल्यावर चालकाचा फोन आला आणि त्याने एवढेच सांगितले, “साहेब, दिवे शेवटपर्यंत पांढरे होते.”

आपल्या गावोगावी गणेश मंडळे, पतसंस्था, देवस्थाने मोठ्या मनाने रुग्णवाहिका भेट देतात. लोकार्पण होते, फीत कापली जाते, गाडीवर देणाऱ्यांची नावे रंगवली जातात. पुढच्या वेळी तो कार्यक्रम ठरवाल, तेव्हा दर तीन-चार वर्षांनी लागणाऱ्या एका बॅटरीचे पैसेही त्यात बाजूला काढून ठेवा. त्यावर कुणाचे नाव रंगवता येणार नाही. पण घाटात गाडी अडली, तर आतला माणूस त्या पैशांवर श्वास घेत असेल.